प्रोसेसरने न लिहिलेले बाइट

चाकणच्या एका कारखान्यातील इंजिन-चाचणी कक्षात आमच्या कंपनीने बसवलेली तीन मोजमाप-यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्र म्हणजे एक औद्योगिक संगणक, त्यात आम्हीच तयार केलेले एक पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणि ते कार्ड चालवणारा, आम्हीच लिहिलेला लिनक्सचा ड्रायव्हर. इंजिनाच्या कंपनांचे ३२ चॅनेल, प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला ५१,२०० नमुने आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा, असा सेकंदाला सुमारे ३३ लाख बाइटचा प्रवाह हे कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मुख्य मेमरीत टाकते. ड्रायव्हर त्यासाठी ४ किलोबाइटची २५६ पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, राखून ठेवतो, कार्डाला त्यांचे पत्ते देतो, आणि भरलेली पेजेस रिकामी करून पुन्हा कार्डाच्या हवाली करणे हे ॲप्लिकेशनचे काम असते. चाचणी संपली की ॲप्लिकेशन प्रवाह थांबवते, ड्रायव्हर ती सगळी पेजेस कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, परत करतो, आणि लगेच चाचणीचा अहवाल डिस्कवर लिहिला जातो. ही व्यवस्था तीन वर्षे विनातक्रार चालली होती.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही एक सुधारित आवृत्ती बसवली. कर्नल तोच ठेवला होता, ५.१० ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती. ड्रायव्हरमध्ये चॅनेलांना नावे देण्याची सोय आली, आणि कार्डावरील एफपीजीएचे, म्हणजे आतली रचना बदलता येणाऱ्या चिपचे, डिझाइनही बदलले. पुढच्या सात आठवड्यांत तीन यंत्रे मिळून ११ वेळा बंद पडली. कधी रात्रपाळीत, कधी भर दुपारी. एखादे यंत्र बारा दिवस सुरळीत चालायचे आणि मग एकाच दिवसात दोनदा मान टाकायचे. याच काळात तिथल्या चाचणी प्रमुखांनी फोनवर सहज एक गोष्ट सांगितली होती, की एका अहवालाच्या मध्येच कचरा अक्षरे आली आहेत. मी त्यांना म्हणालो, "साहेब, डिस्क जुनी झाली असेल, बदलून देतो." हे वाक्य मला नंतर फार महागात पडले, पण ते त्याच्या जागी सांगेन.

पहिल्या चार क्रॅशचे मोबाइलवर काढलेले फोटो माझ्यासमोर होते. एकात कर्नल फाइलचे नाव शोधताना कोसळला होता, दुसऱ्यात नेटवर्कचे पॅकेट मोकळे करताना, तिसऱ्यात मेमरी वाटपाच्या ऐन गाभ्यात, आणि चौथ्यात यूएसबी कीबोर्डच्या काहीतरी कामात. चारही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नव्हता आणि आमच्या ड्रायव्हरचे नाव एकाही स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, नव्हते. ज्याने हे काम केले आहे त्याला ही गोष्ट निर्दोषत्वाचा पुरावा वाटते; मलाही काही तास तशीच वाटली. परंतु मेमरी दूषित होण्याच्या दोषाचे लक्षणच हे असते, की स्टॅक ट्रेसमध्ये दिसतो तो बळी असतो. ज्याने त्याच्या मेमरीवर भलतेच काही लिहिले तो केव्हाच निघून गेलेला असतो. दर वेळी बळी वेगळा असेल, तर लिहिणाऱ्याला कोणाशीच वैर नाही, तो वाटेत येईल त्यावर लिहितो आहे, एवढाच अर्थ काढता येतो.

आधी हार्डवेअरचा संशय फेडून घेतला. एक यंत्र रात्रभर मेमटेस्टवर ठेवले, त्यात एकही चूक निघाली नाही. तीन वेगवेगळ्या संगणकांची रॅम एकाच आठवड्यापासून बिघडावी, हे पटण्यासारखे नव्हतेच, तरी ती रात्र घालवावी लागते, कारण नंतर प्रत्येक बैठकीत कोणीतरी "रॅम तपासली का?" असे विचारतेच. त्यानंतर संशय माझ्यावर आला. चॅनेलांना नावे देणारा भाग मी लिहिला होता, त्यात स्थिर लांबीच्या अक्षर-रांगा होत्या, आणि अशा रांगेच्या टोकापलीकडे एखादा बाइट लिहिणे हे सी भाषेतील सगळ्यांत जुने पाप आहे. मी तो भाग चार वेळा वाचला. काही सापडले नाही, म्हणून प्रवाह सुरू होताना आणि थांबताना नेमके काय घडते ते पाहण्यासाठी दोन्ही ठिकाणी लॉगच्या ओळी घातल्या, त्या ओळी बाहेर छापणारा सीरियल कन्सोल जोडला, आणि त्या रूपातील ड्रायव्हर चाकणच्या एका यंत्रावर टाकला. पाच दिवस काहीच झाले नाही. ते यंत्र वागण्यात सगळ्यांत वाईट असल्यामुळे आम्हाला हायसे वाटले, आणि मधल्या काळात केलेल्या एका किरकोळ दुरुस्तीला मी मनातल्या मनात श्रेयही देऊन टाकले. लॉगच्या ओळी काढून स्वच्छ ड्रायव्हर बसवला, त्याच रात्री यंत्र पडले.

आता अंदाज बांधण्यापेक्षा मृत यंत्राची मेमरीच हाती घ्यायची असे ठरवले. तिन्ही यंत्रांवर केडम्प सुरू केले. यात चालत्या कर्नलच्या शेजारी २५६ मेगाबाइट जागा बाजूला ठेवून तिथे दुसरा छोटा कर्नल आधीच बसवलेला असतो. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याच्या मेमरीची प्रत फाइलमध्ये उतरवतो. अशा दोन फाइली पेन ड्राइव्हवर घालून मी चाकणहून हिंजवडीला आणल्या. वाहतुकीत त्या प्रवासाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिथून त्या नेटवर्कने पाठवून झाल्या असत्या. पण कारखान्याच्या नेटवर्कमधून काही बाहेर पाठवण्याची परवानगी मिळणे हा स्वतंत्र प्रकल्प ठरला असता.

या फाइली उघडण्याचे साधन क्रॅश याच नावाचे आहे. त्यात पहिल्या क्रॅशचा बळी ठरलेले ऑब्जेक्ट, म्हणजे कर्नलने एखाद्या नोंदीसाठी घेतलेला मेमरीचा तुकडा, शोधले आणि त्याच्या आसपासची मेमरी हेक्समध्ये छापली. कर्नलने आपल्या शेवटच्या संदेशात तक्रार केली होती, की ०००२-एफएफएफडी-०००१-एफएफएफएफ हा पत्ता नियमबाह्य आहे. चौसष्ट बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर नेहमीच्या मांडणीत पत्त्याचे फक्त ४८ बिट कामाचे असतात आणि वरचे सगळे बिट त्यातील सर्वोच्च बिटासारखेच असावे लागतात. या पत्त्यात ते तसे नव्हते. कर्नलचे खरे पत्ते एफएफएफएफ या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे दूषित भागात जागोजाग एफएफएफएफ पाहून मी ती अर्धवट पुसलेली पत्त्यांची यादी समजलो, आणि ते पत्ते कोणाचे असतील याच्या शोधात पूर्ण एक दिवस घालवला. संध्याकाळी चहा पिऊन आल्यावर त्याच आकड्यांकडे मी आठ-आठ बाइटऐवजी दोन-दोन बाइटचे तुकडे पाडून पाहिले. उणे एक, एक, उणे तीन, दोन. पुढे शून्य, उणे दोन, एक, एक. हे पत्ते नव्हतेच. इंजिन थांबलेले असताना कंपनाचा सेन्सर जी शून्याभोवतीची कुरकुर देतो, तीच ही होती. आमचे नमुने फाइलव्यवस्थेच्या खाजगी मेमरीत जाऊन बसले होते.

दोन क्रॅशचे संदेश दोन प्रकारचे का होते, तेही यातून सुटले. चार नमुने मिळून एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला एक पत्ता, बनत होता. वरचा नमुना नेमका उणे एक आणि त्याखालचा उणे असला, किंवा वरचा शून्य आणि त्याखालचा उणे नसला, की पत्ता दिसायला वैध बनायचा आणि पेज सापडत नसल्याची तक्रार यायची. एरवी तो नियमबाह्य ठरायचा.

नमुने आपले आहेत म्हणजे दोष आपला आहे, इथवर आता वाद नव्हता. पण ते नमुने तिथे नेले कोणी? ड्रायव्हरमध्ये नमुने एका जागेहून दुसऱ्या जागी उचलणाऱ्या दोन ओळी होत्या, ॲप्लिकेशनमध्ये त्याहून अधिक. मला अजूनही वाटत होते, की कुठेतरी आम्ही मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टवर जुन्या पॉइंटरने लिहीत आहोत. हे पाहण्यासाठी दोष कार्यालयातील बेंचवर पुन्हा घडवून आणणे आवश्यक होते, आणि तो काही केल्या घडत नव्हता. बेंचवरचे यंत्र दोन सेकंदांनी प्रवाह सुरू आणि बंद करत तीन दिवस सुखाने चालले. चौथ्या दिवशी लक्षात आले, की बेंचवरील संगणकात एसएसडी आहे आणि चाकणला फिरत्या डिस्क आहेत. तशीच एक डिस्क आणून बसवली, तिच्यावर समांतर लिखाणाचा भार टाकला, तेव्हा सरासरी ४० मिनिटांत एक क्रॅश मिळू लागला. डिस्कच्या संथपणाचा मेमरीशी काय संबंध, हे तेव्हा कळले नव्हते. पण जो दोष हुकमी घडतो तो अर्धा सुटलेला असतो, या समाधानात त्या रात्री झोप चांगली लागली.

त्यानंतर कर्नलच्या स्लब वाटपकाराची, म्हणजे पेजेसचे छोटे तुकडे करून वाटणाऱ्या भागाची, तपासणी चालू केली. बूटच्या वेळी एक पर्याय दिला, की तो प्रत्येक मोकळे ऑब्जेक्ट ६बी या बाइटने भरतो, कडांना पहारा म्हणून ठरावीक बाइट ठेवतो, आणि कोणी ते ऑब्जेक्ट शेवटचे घेतले व कोणी सोडले याची नोंद ठेवतो. पुन्हा देताना ६बी शाबूत नसतील, तर तो तक्रार छापतो. तासाभरात तक्रार आली: विष (ते ६बीचे भरण) पुसले गेले आहे, त्याच्या जागी भलतेच बाइट आहेत. मी अधीरपणे खाली पाहिले, कारण तिथे शेवटच्या धारकाचे नाव असते. तिथे कोणाचेच नाव नव्हते. आधी वाटले, नोंद ठेवण्याचा पर्याय द्यायचा राहून गेला. तो दिलेला होता. मग स्लबचा कोड उघडून वाचला. वाटपकार जेव्हा नवे कोरे पेज घेतो, तेव्हा त्याचे ऑब्जेक्टांत तुकडे पाडतो, सगळ्यांना ६बीने भरतो आणि नोंदीच्या जागा कोऱ्या ठेवतो. म्हणजे हे ऑब्जेक्ट जन्मल्यापासून आजवर कोणालाच दिले गेले नव्हते, आणि तरीही त्यावर कोणीतरी लिहून गेले होते. जे ऑब्जेक्ट कोणाचे कधी झालेच नाही, त्याचा जुना पॉइंटर कोणाजवळ असणार? माझा सिद्धान्त तिथेच बारगळला. जुना हक्क कोणाचा असेलच, तर तो ऑब्जेक्टवर नसून त्याच्याखालच्या पूर्ण पेजवर होता.

शेवटचे हत्यार म्हणून केसॅन लावले. २०१५ मध्ये ४.० या आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेली ही सोय कंपायलरच्या मदतीने चालते: मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ सावलीचा बाइट ठेवला जातो, आणि कोडमधील प्रत्येक वाचन-लेखनाआधी त्या सावलीत डोकावून ही जागा आत्ता वापरायची मुभा आहे का, हे विचारणारी सूचना कंपायलर घुसवतो. मोकळ्या पेजवर कोणी लिहिले, तर केसॅन त्याला लिहितानाच पकडते. बळी पडेपर्यंत थांबावे लागत नाही. यंत्र खूपच मंदावले. नऊ तासांनी क्रॅश झाला आणि पडद्यावर केसॅनचे नावही दिसले, तेव्हा मी जागेवरून उठलोच होतो. पण ओळ नीट वाचली तर तो केसॅनचा अहवाल नव्हता. दूषित पॉइंटरमुळे प्रोसेसर अडखळला तेव्हा, हा पत्ता बहुधा भरकटलेला आहे, एवढी टिप्पणी त्याने बळीच्या बाजूने केली होती. लिहिताना कोणीच पकडले गेले नव्हते. पुढचे दोन क्रॅशही असेच झाले.

इथे मी अर्धा दिवस केसॅनवर रागावून काढला. आमच्या मॉड्यूलला ते लागूच झाले नसेल, म्हणून मुद्दाम एक चुकीचे लेखन मॉड्यूलमध्ये घातले. केसॅनने ते तत्क्षणी पकडले. पहारेकरी जागा होता. मग उरलेला अर्थ एकच होता, आणि तो खरे तर आठ दिवसांपासून डोळ्यांसमोर होता: केसॅन प्रोसेसरच्या सूचनांवर पहारा ठेवते, आणि हे लिखाण प्रोसेसरने केलेलेच नव्हते.

तेव्हा सगळे डम्प पुन्हा उघडले आणि या वेळी नमुन्यांची किंमत न पाहता फक्त जखमेचा आकार मोजला. सात जखमा होत्या. प्रत्येकीची सुरुवात पेजमध्ये वेगळ्या ठिकाणी होती, पण सगळ्या सुरुवातींना १२८ ने पूर्ण भाग जात होता. लांबीही १२८ च्या पटीत होती. सातांपैकी पाच जखमा थेट पेजच्या शेवटपर्यंत गेल्या होत्या, आणि एकीनेही ४,०९६ व्या बाइटची हद्द ओलांडून शेजारच्या पेजला स्पर्श केला नव्हता. सी भाषेतली चूक इतकी शिस्तीची नसते. ती ४ बाइट लिहील, ८ लिहील, ३३ व्या अक्षराला घसरेल. एलएसपीसीआय ही आज्ञा चालवून कार्डाची माहिती पाहिली. एका पॅकेटमध्ये कार्ड जास्तीत जास्त किती बाइट पाठवू शकते, त्यापुढे आकडा होता १२८.

न्यायालयात टिकेल असा पुरावा मात्र अजून नव्हता. तो आयओएमएमयू देऊ शकतो. प्रोसेसरच्या मेमरी-प्रवेशावर जसे पेज टेबलचे नियंत्रण असते, तसे उपकरणांच्या प्रवेशावर याचे असते. ड्रायव्हरने जे पेज उपकरणाला दिले तेवढ्याच पेजवर उपकरण लिहू शकते, आणि दिलेले परत घेतल्यावर लिहू गेले तर ते लिखाण अडवले जाते व लॉगमध्ये नोंद पडते. आमच्या यंत्रांवर बायोसमध्ये व्हीटी-डी, म्हणजे इंटेलचे आयओएमएमयू, बंद होते, कारण तीन वर्षांपूर्वी कोणीतरी ते बंद केले होते आणि का केले हे विचारायला तो माणूस आता कंपनीत नव्हता. ते चालू केले. एका सहकाऱ्याने वेळेवर सांगितले, म्हणून बूटच्या वेळी ‘स्ट्रिक्ट’ हा पर्यायही दिला. एरवी वेग राखण्यासाठी कर्नल परत घेतलेल्या पेजची परवानगी लगेच पूर्णपणे रद्द करत नाही. २५६ नोंदी साचेपर्यंत किंवा १० मिलिसेकंद होईपर्यंत थांबून एकदमच जुन्या नोंदी झाडून काढतो. तेवढ्या फटीतून आमचा चोर निसटण्याची पुरेपूर शक्यता होती.

चाचणीचे चक्र सुरू करून २३ मिनिटे झाली, तेव्हा लॉगमध्ये डीएमएआरची, म्हणजे आयओएमएमयूच्या तक्रारीची, ओळ आली: उपकरण ०३:००.०, डीएमए लेखन, पत्ता अमुक, कारण ५, या पेजवर लेखनाची परवानगी नाही. ०३:००.० म्हणजे आमचे कार्ड. ओळीतला पत्ता ड्रायव्हरच्या नोंदीशी ताडून पाहिला, तर ते पेज सुमारे ६० मायक्रोसेकंदांपूर्वी, प्रवाह थांबवताना, परत घेतलेले होते. यंत्र मात्र कोसळले नाही, कारण लिखाण दारातच अडवले गेले होते.

आता ड्रायव्हरमधील थांबवण्याचे फंक्शन पुन्हा वाचले. ते जेमतेम बारा ओळींचे होते: कार्डाच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये (आज्ञा देण्याच्या खणात) थांबण्याचा बिट लिहा, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक) बंद करा, २५६ पेजेस कार्डाकडून परत घ्या, मोकळी करा. वाचायला निर्दोष. पण पीसीआय एक्सप्रेसवर प्रोसेसरने उपकरणाला लिहिणे म्हणजे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकणे आहे. पेटीत पडले, की प्रोसेसर पुढच्या कामाला लागतो. पत्र कार्डाला केव्हा पोहोचले ते त्याला समजत नाही. ते पोहोचल्याची खात्री हवी असेल, तर त्याच कार्डावरचे एखादे रजिस्टर वाचावे लागते. वाचनाचे उत्तर आल्याशिवाय प्रोसेसर पुढे सरकत नाही, आणि वाचनाची विनंती आधीच्या लिखाणाला मागे टाकू शकत नाही. पोस्टाच्याच भाषेत सांगायचे, तर ही रजिस्टर ए. डी. झाली. परतीच्या वाटेवरही तसाच नियम आहे: वाचनाचे उत्तर कार्डाने त्याआधी पाठवलेल्या डीएमए लेखनांना ओलांडून येऊ शकत नाही, म्हणून उत्तर हातात आले तेव्हा वाटेतली लेखने मेमरीच्या दारी पोहोचलेली असतात. आमच्या फंक्शनमध्ये असे वाचन नव्हतेच.

मी आमच्या हार्डवेअर विभागातील ज्येष्ठ मॅडमकडे गेलो आणि विचारले, "थांबा म्हटल्यावर कार्ड लगेच थांबते ना?"

"नवीन नमुने घेणे लगेच थांबते," त्या म्हणाल्या. "पण कार्डावरच्या फिफोच्या रांगेत जे साचले आहे ते बाहेर काढावे लागणारच ना! नाहीतर चाचणीचे शेवटचे नमुने गेले, म्हणून तुम्हीच ओरडाल."

"आणि ते बाहेर पडून संपले हे मला कसे कळणार?"

"अहो, स्टेटस रजिस्टरमध्ये त्यासाठी बिट दिला आहे की. जूनच्या टिपणात लिहिले होते, तुम्हालाही पाठवले होते."

पाठवले होते, हे खरे आहे. मी ते टिपण चॅनेलांच्या नावांचे रजिस्टर शोधण्यापुरते उघडले होते.

जूनच्या सुधारणेत फिफो २ किलोबाइटवरून ६४ किलोबाइट केला होता, कारण लिनक्स क्षणभर गुंतला तर नमुने सांडत होते. कार्डाचा दुवा दुसऱ्या पिढीचा, एका मार्गिकेचा. त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ४० कोटी बाइट जातात. या वेगाने जुना फिफो रिकामा व्हायला ५ मायक्रोसेकंद लागत, आणि थांबण्याचा बिट लिहिल्यापासून पहिले पेज मोकळे होईपर्यंत इंटरप्ट बंद करण्यात वगैरे साधारण १० मायक्रोसेकंद जात. ड्रायव्हर तीन वर्षे चुकीचाच होता. त्याला ५ मायक्रोसेकंदांची सवलत मिळत होती, इतकेच. नवा फिफो पूर्ण भरलेला असेल, तर तो रिकामा व्हायला १६० मायक्रोसेकंद लागतात, आणि मधल्या काळात आम्ही सगळी पेजेस वाटून मोकळे झालेले असतो.

फिफो भरतो तरी केव्हा, या प्रश्नात डिस्कचा संबंध दडलेला होता. २५६ पेजेस म्हणजे १ मेगाबाइट, आमच्या प्रवाहाला ते भरायला ३२० मिलिसेकंद पुरतात. संथ डिस्कमुळे ॲप्लिकेशन तेवढा वेळ अडकून पडले, की कार्डाकडे रिकामे पेज उरत नाही आणि त्यापुढच्या २० मिलिसेकंदांत फिफो काठोकाठ भरतो. मग डिस्क मोकळी होते, ॲप्लिकेशन साचलेली पेजेस घाईने रिकामी करून कार्डाला देते, आणि चाचणीची वेळ संपलेली असल्यामुळे तत्काळ थांबण्याची आज्ञा करते. नेमक्या त्याच क्षणी कार्डाला १६ पेजेस भरण्याइतका माल आणि तो उतरवायला जागा, दोन्ही एकदम मिळतात. एसएसडीवर ३२० मिलिसेकंदांची अडवणूक होत नाही, म्हणून बेंच शांत होता. आणि माझ्या त्या लॉगच्या ओळी? सीरियल कन्सोलचा वेग १,१५,२०० बॉड होता. ८० अक्षरांची एक ओळ छापायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे फिफोला लागणाऱ्या वेळेच्या चाळीसपट. तपासाच्या ओळीनेच गुन्हेगाराला पाच दिवस आवरून धरले होते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. थांबण्याचा बिट लिहिल्यावर स्टेटस रजिस्टर वाचत राहायचे, फिफो रिकामा झाल्याचा बिट दिसला की मगच पेजेस परत घ्यायची. १० मिलिसेकंदांत तो दिसला नाही, तर कार्डाचा बस मास्टर होण्याचा, म्हणजे स्वतःहून मेमरीत लिहिण्याचा, अधिकार काढून घ्यायचा, लॉगमध्ये ठळक नोंद करायची, आणि ती २५६ पेजेस मोकळीच करायची नाहीत. या शेवटच्या कलमावर बैठकीत वाद झाला, कारण जाणूनबुजून मेमरी गळू देणारा कोड परीक्षणात कोणालाच आवडत नाही. माझे म्हणणे असे होते, की १ मेगाबाइट हरवल्याने काही बिघडत नाही, आणि ज्या कार्डाने आपले ऐकणे सोडले आहे, त्याने जिथे लिहायला शिकले ती जागा दुसऱ्या कोणाला राहायला देऊ नये. ते मान्य झाले.

दुसरा वाद आयओएमएमयूबाबत झाला. ते चालू ठेवले की क्रॅश थांबतात, मग ड्रायव्हर नंतर सवडीने बदलू, असा एक प्रस्ताव आला. तो वरवर पाहता व्यवहार्य होता. पण परत घेतलेला पत्ता कर्नल पुढच्या चाचणीसाठी पुन्हा देऊ शकतो, आणि उशिरा आलेले लिखाण त्या नव्या, आता वैध झालेल्या पेजवर उतरले, तर आयओएमएमयूला त्यात काहीच गैर दिसणार नाही. जुन्या इंजिनाचे नमुने नव्या इंजिनाच्या चाचणीत मिसळतील आणि लॉगमध्ये एक ओळही पडणार नाही. आम्ही दोन्ही केले.

नवा ड्रायव्हर बेंचवर भाराखाली ७२ तास चालवला. क्रॅश शून्य, डीएमएआरच्या ओळी शून्य. फिफो रिकामा होण्यास लागलेला वेळ प्रत्येक वेळी नोंदवत होतो. बहुतेकदा बिट पहिल्याच वाचनात मिळाला, आणि सर्वाधिक वेळ होता १७१ मायक्रोसेकंद. हिशेबाने काढलेल्या १६० च्या इतका जवळचा आकडा पाहून जे वाटले, ते लिहिण्याची ही जागा नाही.

त्याच रात्री घरी जाताना मला कचरा अक्षरांचा तो फोन आठवला. मोकळे झालेले पेज कर्नल त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या यादीत सगळ्यांत वर ठेवतो आणि पुढच्या मागणीला तेच आधी देतो. आमच्या पेजेसनंतर लगेच येणारी मागणी कोणाची? अहवाल लिहिणाऱ्या ॲप्लिकेशनची. म्हणजे उशिराच्या लिखाणाचा बळी फाइलव्यवस्थेच्या नोंदींपेक्षा अहवालाचा मजकूरच होण्याची शक्यता जास्त होती. तिथे कोणताही पॉइंटर नसतो, म्हणून कर्नल कोसळत नाही, आणि ते पेज यथावकाश डिस्कवर उतरते. ११ क्रॅश हे आम्हाला दिसलेले प्रसंग होते.

दुसऱ्या दिवशी चाकणला जाऊन जूनपासूनचे सगळे अहवाल एका छोट्या स्क्रिप्टने तपासले. अहवाल शुद्ध मजकुराच्या फाइली असल्याने त्यात मजकुराबाहेरचा बाइट शोधणे सोपे होते. तीन फाइली सापडल्या. तिन्हींमध्ये कचरा १२८ च्या पटीवर सुरू होत होता आणि ४,०९६ च्या पटीपाशी संपत होता. एक फाइल साहेबांनी फोनवर सांगितलेली होती. उरलेल्या दोन कोणी उघडूनच पाहिल्या नव्हत्या, कारण त्यांतील इंजिने चाचणीत उत्तीर्ण झाल्याची नोंद पहिल्याच पानावर होती आणि कचरा सातव्या पानावर होता. नमुन्यांच्या मूळ फाइलींमध्ये प्रत्येक तुकड्याची तपासबेरीज ॲप्लिकेशन स्वतः घालते. त्या सगळ्या जुळल्या, त्यामुळे तिन्ही अहवाल मूळ नमुन्यांवरून नव्याने काढता आले. मी साहेबांना सगळे सविस्तर सांगितले, डिस्कबद्दल मी जे बोललो होतो तेही. त्यांनी तिन्ही अहवालांच्या दोन्ही प्रती मागून घेतल्या, ओळीशी ओळ लावून पाहिल्या, आणि तरीही ती तीन इंजिने पुढच्या शनिवारी पुन्हा चाचणीला लावली.